पाणबुड्याचं घड्याळ, तालुका खटाव

२०० मीटर म्हणजे ६५६ फूट. आमच्या औंधच्या बाजूला हा आकडा नुसता उच्चारला तरी ऐकणारा विचारतो, "कुणाच्या रानात? लागलं का पाणी?" इकडे एवढी खोली फक्त बोअरची असते. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवलेली असते, गाडीवाल्यानं फुटावर भाव ठरवलेला असतो. शंभर फुटांपर्यंत घरमालक सगळ्यांना चहा सांगतो, तीनशे फुटांवर चहा बंद होतो, आणि सहाशे फुटांवर जो राखाडी फुफाटा उडतो तो वडीलकीच्या क्रमानं सगळ्या भावकीच्या डोक्यावर बसतो. अशा मुलखात राहणाऱ्या मला, २०० मीटर खोल पाण्यातही आत थेंब शिरणार नाही अशी हमी दिलेलं मनगटी घड्याळ भेट मिळालं.

भेट चिरंजीवांची. ते पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतात. अंदमानला गेले, पाठीवर नळकांडं बांधून पाण्यात उतरले, मासे बघितले, आणि वर आल्यावर त्यांना बापाची आठवण झाली. मी त्याच सुमारास निवृत्त होत होतो. माणसाला वेळ बघायचं कारण उरलं नाही की लोक त्याला घड्याळं देतात. शाळेनं भिंतीवरचं दिलं, पतपेढीनं टेबलावरचं दिलं, तेव्हा मुलानं पाण्याखालचं दिलं यात तसं वावगं काही नव्हतं. ते कुरियरनं निघालं आणि थेट पुण्यातल्या औंधला जाऊन राहिलं. महाराष्ट्रात औंध दोन आहेत. एका औंधात मॉल आहेत, दुसऱ्यात यमाई आहे, आणि कुरियरवाल्याला पहिलंच ठाऊक असतं. तिथला पाहुणचार आटोपून ते एकदाचं आमच्याकडे आलं.

घड्याळ सिकोचं, ऑटोमॅटिक. शौकीन लोक याला 'टर्टल' म्हणतात, कारण त्याचं अंग कासवागत गोल आणि फुगीर आहे. रुंदी ४४ मिलिमीटरच्या वर. शर्टाची बाही त्याच्यावरून उतरत नाही, म्हणून ती दुमडावी लागते, आणि माणूस देवळात निघाला असला तरी भांडायला निघाल्यासारखा दिसतो. काळी तबकडी, आकड्यांच्या जागी मोठाले ठिपके, आणि त्या ठिपक्यांना असलं जबरदस्त रेडियम की पहिल्या रात्री सौ. झोपेतून उठून म्हणाली, "अहो, तो दिवा मालवा आधी." मागच्या झाकणावर समुद्राची उसळलेली लाट कोरलेली आहे. खटाव तालुक्याला लाट ठाऊक आहे ती उन्हाची.

निवृत्त माणसाकडे वाचायला वेळ असतो, म्हणून या घड्याळांचं कूळ मी शोधून काढलं. रोलेक्सनं १९२६ मध्ये पाणी न शिरणारं 'ऑयस्टर' घड्याळ काढलं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्रज जलतरणपटू ते गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीनं गारठून तिला अर्ध्यातून बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र व्यवस्थित चालू होतं, आणि जाहिरात अर्थातच घड्याळाची झाली. १९५३ मध्ये ब्लाँपेननं फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी 'फिफ्टी फॅदम्स' काढलं, त्याच वर्षी रोलेक्सचं 'सबमरीनर' आलं, १९६५ मध्ये जपानात सिकोनं आपलं पहिलं पाणबुडी घड्याळ केलं. आता तर याला आंतरराष्ट्रीय मानक आहे. किमान १०० मीटर खोलीची हमी हवी, आणि तपासणी हमीपेक्षा सव्वापट दाबाखाली व्हायला हवी. हौशी पाणबुड्या मात्र ४० मीटरच्या खाली जात नाही, जाऊ देत नाहीत. म्हणजे माझ्या घड्याळाला जी हमी आहे ती ते घालणाऱ्याच्या हमीच्या पाचपट आहे. वारसांच्या दृष्टीनं ही चांगली सोय म्हणायची.

काचेभोवती जे फिरतं कडं असतं ते या घड्याळाचं खरं मर्म. त्यावर साठ मिनिटांच्या खुणा आणि शून्यावर एक त्रिकोण. पाण्यात उतरताना पाणबुड्या तो त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो. मग काटा कड्यावर जो आकडा दाखवील तितकी मिनिटं गेली. नळकांड्यात हवा किती उरली असेल याचा हिशोब तो त्यावरून करतो.

आम्ही त्यावर विहीर मोजायला लागलो.

आमची विहीर चुलत भावकीत सामाईक आहे. उन्हाळ्यात पाझर मंदावला की मोटर पाऊण तास चालते, मग पाणी तुटतं. मोटर हवा ओढायला लागली आणि तेवढ्यात कुणी बटण दाबलं नाही तर ती जळते. मग ती सायकलच्या, आता मोटरसायकलच्या, मागं बांधून वाइंडिंगला न्यायची आणि कुणाच्या पाळीत जळली यावर पुढचा उन्हाळा काढायचा. या घड्याळामुळं ती कटकट संपली. त्रिकोण काट्याला लावायचा, काटा ४० वर आला की बांधावरून हाक मारायची. पूर्वी औंध संस्थानानंच किर्लोस्करवाडीला जागा दिली, १९१० मध्ये तिथं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, आणि पाण्यात उतरायचं काम पुढं माणसांकडून पंपांकडे गेलं. आमच्या रानात आजही पाणबुडी एकच आहे, ती मोटर. घड्याळ तिच्या मापाचं होतं, फक्त हात माझा होता.

एवढं सुरळीत चाललेलं असताना पौषात यमाईची यात्रा आली, आणि यात्रेला मेहुणे आले.

मेहुणे आटपाडीकडचे. आता तो सांगली जिल्हा, पण जुन्या हिशोबानं आमच्याच संस्थानातला मुलूख. औंध संस्थान एका जागी कधी नव्हतंच. काही गावं साताऱ्याकडे, काही सांगलीकडे, काही पार विजापूरकडे. माणदेशातली माणसंही तशीच विखुरलेली, पण ती सबंध हिंदुस्थानभर. या भागात पाऊस पडला नाही म्हणून इथली पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली, आणि आज देशातल्या कुठल्याही सराफकट्ट्यामागच्या बोळात विटा, आटपाडी, खटावकडचा गलाईवाला भट्टी पेटवून बसलेला सापडतो. मेहुण्यांचं दुकान केरळात कोझिकोडला आहे. गलाईवाल्याची नजर वेगळी असते. आपण दागिना बघतो, तो आत डाग किती ते बघतो. मेहुण्यांनी माझं घड्याळ हातात घेतलं, वेळ न बघता तळहातावर दोनदा उडवलं आणि म्हणाले, "दाजी, वजनाला बराय."

मग त्यांनी आपली पिशवी उघडली. पिशवीत पिशवी, तिच्यात पत्र्याचा डबा, डब्याला कुलूप. ज्या आटपाडीजवळ संस्थानानं १९३९ मध्ये स्वतंत्रपूरला उघडा तुरुंग वसवला, जिथं कैद्यांना कोंडून ठेवत नसत, त्याच आटपाडीचा हा माणूस घड्याळाला कुलूप लावून हिंडतो. डब्यातून माझ्या घड्याळाचा थोरला भाऊ निघाला. तसंच अंग, तशीच काळी तबकडी, फक्त कडेनं झिजलेलं, ठिपके दुधावरच्या सायीच्या रंगाला आलेले, रेडियम कधीच विझलेलं. मॉडेल ६३०९. सिकोनं हे १९७६ ते १९८८ या काळात बनवलं, आणि मागच्या झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला आकडा साल सांगतो, दुसरा महिना. ४ आणि ७. म्हणजे १९८४ चा जुलै. कोझिकोडमधल्या आखातातून परतलेल्या कुणा गृहस्थाच्या घरून ते मोडीच्या सोन्याबरोबर आलं होतं. वाराचं चाक दोन भाषांचं, एक इंग्रजी, दुसरी अरबी. त्या दिवशी ते अरबीवर होतं. सौ.नं उपवासाचा वार बघायला घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, चष्मा पुसला, आणि शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली.

"तुमचं नवं मला द्या, माझं जुनं तुम्ही घ्या," मेहुणे म्हणाले. "बरोबरीत. वर काय नको."

गलाईवाला बरोबरीत सौदा करतोय म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

जुन्या घड्याळाची ओढ मला आधीपासूनची. आमच्या लहानपणी गावात ज्याच्या हातात 'फेवरलुबा' असे त्याला वेळ विचारायला लोक मुद्दाम थांबत. फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी मुंबईत १८६५ पासून होती, त्यामुळं नाव पार मराठी होऊन गेलं होतं. मग एचएमटी आलं. १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं सरकारनं घड्याळं काढायला सुरुवात केली, आणि पुढची तीस वर्षं एचएमटीशिवाय जावई बोहल्यावर चढला नाही. मलाही सासऱ्यांनी दिलं होतं. रोज सकाळी चावी द्यायची, आणि दिली नाही तर ते बंद पडायचं. घड्याळ बंद पडण्यात काही अपमान नव्हता. १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली, सेलवरची घड्याळं घरोघर आली, आणि चावीवाली ड्रॉवरमध्ये गेली. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. गंमत अशी की त्याच २०१६ मध्ये सिकोनं आपल्या जुन्या ६३०९ चं रूप पुन्हा काढून 'टर्टल' म्हणून बाजारात आणलं. म्हणजे माझं नवं घड्याळ हे मेहुण्यांच्या जुन्या घड्याळाची आठवण म्हणून केलेलं. मूळ घ्यायचं आणि आठवण द्यायची, असा हा सौदा होता. वाईट नव्हता. म्हणूनच संशय येत होता.

औंधात असला निर्णय एकट्यानं घ्यायची पद्धत नाही. १९३९ मध्ये श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवला. घटनेमागं गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडहून आलेल्या गृहस्थांची खटपट, राजपुत्र अप्पासाहेबांची उमेद, आणि मग गावोगाव पंचायती. ती सवय रक्तात मुरली आहे. घड्याळाचा विषय पारावर गेला आणि सभा भरली. एकानं दोन्ही घड्याळं कानाला लावून जुन्याचा आवाज 'खानदानी' असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्यानं मोबाइलवर किमती काढल्या आणि त्या मोठ्यानं वाचू नयेत एवढं तारतम्य त्याला नव्हतं, त्यामुळं माझी बाही दुमडलेली का असते याचं खरं कारण गावाला कळलं. तिसऱ्याचं म्हणणं, दोन्ही विकून शेततळ्याला कागद घ्या. हा तिसरा माणूस प्रत्येक सभेत असतो आणि त्याचंच बरोबर असतं, म्हणून त्याला कुणी बोलवत नाही.

चित्रकलेचे एक शिक्षक माझे स्नेही आहेत. ते म्हणाले, आधी अस्सल की नक्कल ते बघा. आणि मला घेऊन संग्रहालयात गेले. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्रीमंतांनी १९३८ मध्ये हे श्री भवानी संग्रहालय उभं केलं. तिथं राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' आहे. सहलीला आलेली मंडळी मूळ रविवर्मा पाहून जरा नाराज होतात, कारण घरच्या कॅलेंडरावर रंग जास्त उजळ होते. "जुन्या घड्याळाचं असंच असतं," शिक्षक म्हणाले. "तबकडी जितकी चकाचक तितकी भानगड जास्त." हे मात्र खरं आहे. मुंबईत जुनी एचएमटी आणि जुनी सिको पुन्हा रंगवून, पोपटी, भगव्या, जांभळ्या तबकड्या चढवून नव्या दिमाखात विकण्याचा मोठा उद्योग आहे. तिथली काही घड्याळं अशी असतात की तबकडी एकाची, काटे दुसऱ्याचे, अंग तिसऱ्याचं, आणि फक्त वेळ सगळ्यांची मिळून. मेहुण्यांच्या घड्याळाची तबकडी मळकट होती. शिक्षकांनी तिला दहापैकी आठ गुण दिले.

उरलेले दोन गुण काढायला मी साताऱ्याला एका घड्याळजींकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, बोळातली टपरीवजा जागा, डोळ्याला भिंग. हा वर्ग आता संपत आला आहे. बहुतेकांच्या दुकानात सेल बदलणं आणि पट्टे विकणं एवढंच उरलंय. पण जुनं ऑटोमॅटिक समोर आलं की भिंगाआडचा डोळा लकाकतो. त्यांनी झाकण उघडलं, बराच वेळ आत बघितलं. आपण डॉक्टरसमोर असतो तसा मी गप्प राहिलो.

"मशीन ओरिजिनल. तबकडी ओरिजिनल. काटेही. चावी बदललीय कुणीतरी." त्यांनी चिमट्यानं काळं, चिकट काहीतरी ओढून काढलं. "हे वॉशर. याचं डांबर झालंय. याला पाणी दाखवायचं नाही."

"तलावात नेणार नाही मी."

"तलावाचं कोण बोलतंय? हात धुताना काढायचं. पावसात घालायचं नाही. घाम आला तर पुसायचा."

"तबकडीवर १५० मीटर लिहिलंय."

"साहेब, माझ्याही सर्टिफिकेटवर बारावी फर्स्ट क्लास लिहिलंय," ते म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वीचं."

आणखीही माहिती दिली. या ६३०९ ला हातानं चावी देता येत नाही. ते फक्त हाताच्या हालचालीवर चालतं, आत एक चकती गरगरते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. थांबलं तर हलवायचं. नव्या घड्याळाला दोन्ही सोयी आहेत, हलवा किंवा चावी द्या. शिवाय नव्यात चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळं आकाशवाणीच्या ठोक्याला सेकंदावर वेळ लावता येते. जुन्यात सेकंदकाटा आपला चालूच राहतो, तुम्ही काय वाटेल ते करा. हे मला फारसं टोचलं नाही. औंधात सेकंदाला धरून सुरू होणारी एकही गोष्ट माझ्या ऐकिवात नाही.

खरा पेच कड्यानं घातला.

नव्या घड्याळाचं कडं एकाच बाजूला, डावीकडे फिरतं. यात मोठं शहाणपण आहे. पाण्याखाली कड्याला धक्का लागून ते सरकलंच, तर डावीकडेच सरकेल, आणि मग गेलेली मिनिटं खरीपेक्षा जास्त दिसतील. पाणबुड्या लवकर वर येईल. चूक झाली तरी ती जीव वाचवणारी. जुन्या ६३०९ चं कडं दोन्ही बाजूंना फिरतं. धक्का कुठूनही लागो, मिनिटं जास्तही दिसतील, कमीही.

हे मी भावकीत समजावून सांगायला नको होतं असं सौ.चं मत आहे, पण ज्ञान दाबून ठेवणं शिक्षकाच्या हाडात नसतं. चुलतभावानं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "दादा, म्हंजी नव्या घड्याळाला धक्का लागला तर तुझी पाळी लवकर संपणार."

"हो."

"आणि उशिरा कधीच न्हाय संपणार."

"कधीच नाही."

"मग नवंच राहू दे की." आणि त्या दिवसापासून भावकीतली माणसं माझ्याशी बोलताना फारच जवळ येऊन उभी राहायला लागली. बांधावर दंडाला दंड, विहिरीवर कोपराला कोपर. एक पुतण्या तर काका म्हणून प्रेमानं मनगटच धरून बोलायचा. खटाव तालुक्यात एवढी माया दुष्काळी वर्षातच दिसते.

आंतरराष्ट्रीय मानक करणाऱ्या विद्वानांनी मोटरच्या बाजूनं विचार केला आहे, पाळीवाल्याच्या बाजूनं नाही. मोटर जळू नये म्हणून एकतर्फी कडं उत्तम. पण पाळी ज्याची, तो त्यात दर खेपेला दोन-चार मिनिटं घालवतो, आणि ती दुसऱ्याच्या उसात जातात. दुतर्फी कड्यात निदान न्याय आहे. आज तुमचा कोपर, उद्या माझा. मी हे मेहुण्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "दाजी, आमच्या धंद्यात काटा दोन्हीकडं हलणारा असला तरच गिऱ्हाईक इस्वास ठेवतं."

इकडे सौ.नं आपलं मत राखून ठेवलं होतं. ते तिनं योग्य वेळी काढलं. "याला चावी नाही ना? हात हलवले तरच चालतं ना?" "हो." "मग घ्याच." मला डॉक्टरांनी हालचाल सांगितली होती, ती मी मनावर घेतली नव्हती. नवं घड्याळ मी खुर्चीत बसून चावी देऊन चालू ठेवत होतो. जुनं तसं चालणार नव्हतं. दोन दिवस बसून राहिलो की ते बंद, आणि बंद घड्याळ म्हणजे सौ.च्या हातात लेखी पुरावा. औंधात व्यायाम म्हटला की दुसरं नाव निघतच नाही. श्रीमंतांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं, स्वतः रोज घातले, संस्थानातल्या शाळांत मुलांकडून घालून घेतले. आमचे वडील त्या पिढीतले. त्यांना म्हातारपणी नाव आठवायला वेळ लागे, पण पहाटे नमस्कार चुकला नाही. मी घरात कुणी नसताना एकदा दोन्ही घड्याळं आळीपाळीनं घालून नमस्कार घालून पाहिले. सिकोनं पाणबुडी घड्याळांची चावी तीनच्या जागी न ठेवता चारच्या जागी ठेवली आहे, ती मनगटात रुतू नये म्हणून. तळवे जमिनीला टेकवले की या चार नंबरच्या चावीचं मोल कळतं. जपानी कारागिरांनी ही सोय अष्टांग नमस्कारासाठी केली असेल असं मी म्हणत नाही, पण श्रीमंतांनी शिफारसपत्र दिलं असतं.

तरीही मी टाळाटाळ करत होतो. नव्या घड्याळात काही दोष नव्हता, आणि दोष नसलेली वस्तू द्यायला हात होत नाही. "राजानं अख्खं राज्य लोकांना देऊन टाकलं," सौ. म्हणाली, "आणि तुम्हाला एक घड्याळ सुटेना." मी म्हणालो, मुलाची भेट आहे, त्याला विचारायला हवं. फोन लावला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, घड्याळ तुमचं, काहीही करा. पण मामाचं ६३०९ आहे? ओरिजिनल तबकडीचं? मग ते मला द्या, तुम्हाला दुसरं नवं आणतो." म्हणजे मामा बरोबरीत का देत होता हे मला अजून कळलं नव्हतं, आणि मुलगा काय मागतोय ते मात्र चांगलं कळलं. त्या क्षणी जुन्याचा भाव माझ्या मनात वाढला.

मामांचं कारण नंतर त्यांनीच सांगितलं, आणि ते इतकं साधं होतं की त्याचा संशय कुणालाच आला नव्हता. कोझिकोडला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनपासून छत्री मिटत नाही. जुन्या घड्याळाच्या काचेत आतून वाफ धरायची, मेहुणे ते भट्टीच्या शेकाला धरून वाळवायचे. त्यांना पाणी न शिरणारं घड्याळ हवं होतं. आमच्या खटाव तालुक्यात पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही हप्त्यानं. त्याच सातारा जिल्ह्यातलं महाबळेश्वर वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर झेलतं ही गोष्ट आम्ही बातम्यांतच वाचतो. पाण्यापासून जपून ठेवायच्या पाणबुडी घड्याळाला औंधपेक्षा सुरक्षित गाव कुठलं मिळणार?

अदलाबदल झाली. मी वर पाच नारळ आणि यमाईचा अंगारा दिला. मेहुण्यांनी नवं घड्याळ पुन्हा एकदा तळहातावर उडवून घेतलं, कारण सवय. चुलतभावानं जुन्याचं कडं फिरवून बघितलं, डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, आणि म्हणाला, "दादा, तुला आदीचंच शोभत होतं." पाळीच्या वेळी मी आता उजवा तळहात घड्याळावर ठेवून उभा असतो. पुतण्याची माया बरीच कमी झाली आहे. चिरंजीवांनी दिवाळीला घड्याळ 'बघायला' येतो म्हणून कळवलंय, त्यासाठी मेहुण्यांचा डबा कुलपासकट मागवून घेतला आहे.

तुमच्यापैकी कुणी असलं जुनं घड्याळ घेणार असेल तर आधी मागच्या झाकणावरचा क्रमांक वाचा, तबकडी नव्या रंगाची नाही ना ते उन्हात धरून पाहा, आणि झाकण उघडू न देणाऱ्याशी सौदा करू नका. घेतल्यावर पहिल्यांदा घड्याळजींकडून सगळी वॉशरं बदलून दाबाखाली तपासून घ्या. तोवर हात धुताना ते काढून ठेवत चला. पाणबुड्याचं आहे ते.